लोणच्याचे गुरुजी

आमच्या देवळाच्या आवारात दर महिन्याला बाजार भरतो, तिथे माझं लोणच्याचं दुकान असतं. भाताच्या कोंड्यात मुरवलेला मुळा, खारवलेली वांगी, झालंच तर आलं. क्योटोत अशी दुकानं पैशाला पासरी, त्यामुळे आपला कुणी फोटो काढेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

त्या दिवशी नवऱ्याचे चुलतभाऊ, मोरिसादाभावजी, माझ्याजवळ येऊन बसले होते. भावजींनी उभी हयात शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यापासून ते घरात सुमिएच्या, म्हणजे माझ्या जावेच्या, पायात घोटाळतात. म्हणून बाजाराच्या दिवशी ती काहीतरी काम काढून त्यांना पिटाळते. या वेळी त्यांच्या वडिलांचा जुना निळा किमोनो विकायला दिला होता. कपडेवाल्याने तो उलटापालटा करून परत केला. थंडी होती, म्हणून भावजींनी तो बेसबॉलच्या जर्सीवरच चढवला आणि माझ्या लोणच्याच्या पिंपाला टेकून डोळे मिटले.

तेवढ्यात फोटोवाला आला. नाव अन्सेल्म, राहणारा ऑस्ट्रियाचा, गळ्यात दोन कॅमेरे. आमची भाषा इतक्या अदबीने बोलायचा, की कुणाला वाटावं स्वारी थेट राजवाड्यातून आली.

"कृपा करून हलू नका," तो भावजींना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आपण जरा बाजूला व्हाल का? आपल्या एप्रनवर मांजर आहे."

मांजर होतं खरं, कार्टूनमधलं, गुलाबी. मी बाजूला झाले. मग त्याने माझी प्लास्टिकची खुर्ची हलवली, थर्मास हलवला, किमतीच्या पाट्या पालथ्या घातल्या. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनाही हलवलं. बाजार हवा पण माणसं नकोत, हे त्याने फार सभ्य शब्दांत सांगितलं.

"गुरुजी," तो भावजींपुढे उकिडवा बसला, "हे काम किती वर्षं करताय?"

काम म्हटलं की भावजींना एकच काम आठवतं. "जन्म गेला त्यात," ते म्हणाले.

"रोज तेच?"

"रोज तोच रस्ता. घाई करून भागत नाही. वळणावर हात हलका ठेवायचा."

अन्सेल्मचा आवाज खाली आला. "आणि काम करताना मनात काय असतं?"

"मागचे सगळे सुखरूप पोचावेत. दुसरं काय असणार?"

मी सांगणार होते. पण बाजूला काढलेल्या बाईने मध्ये कशाला बोलायचं? शिवाय मला हसू आवरत नव्हतं.

तो फोटो परदेशातल्या एका मासिकात आला. पूर्वज सुखरूप पोचावेत म्हणून मुळा मुरवणारा साधुपुरुष, असं खाली छापलं होतं. पुढच्या बाजाराला ही गर्दी. बाजारसमितीचे अध्यक्ष कुरामोची यांनी घाईघाईने लाकडी पाटी कोरून आणली, 'लोणच्याचे गुरुजी', आणि सगळ्यांना फर्मान सोडलं की यापुढे जुनं दिसायचं. छत्र्यावाल्याने डोक्यावर गवती टोपी घातली. मोजेवाल्याने नायलॉनचे मोजे गवती चपलांखाली दडवले, आणि मोजे न्यायला आलेल्या शेजारणी त्याला शिव्या घालत परत गेल्या.

"घरी यांनी कधी मुळ्याला पाणी लावलं नाही," सुमिए मला म्हणाली, "आणि इथे गुरुजी झालेत. तूच गं सहन करतेस."

सहन कुठे होत होतं? मिठाने भेगा पडलेले हात माझे आणि फोटो यांचा. दुपारी डबा खाताना मी विषय काढलाच.

"भावजी, खरं काय ते सांगून का टाकत नाही?"

"सांगतो, वहिनी. थोडे दिवस जाऊ देत." ते भाताशी खेळत राहिले. "बसमध्ये सगळे मागे बसतात ना. इतकी वर्षं लोकांनी माझी पाठच पाहिली. समोरून कुणी बघितलं नव्हतं."

मी त्यांच्या डब्यात मुळ्याच्या दोन फोडी टाकल्या.

चेरीच्या बहरात अन्सेल्म परत आला, या वेळी चित्रफीत काढणारी माणसं घेऊन. गुरुजींनी पिंप भरून दाखवावं, अशी त्याची विनंती. भावजी उठले, कमरेत वाकून नमस्कार केला.

"मी बस चालवायचो. लोणचं या वहिनी घालतात. मला त्यातलं काही येत नाही."

अन्सेल्मने आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत काही सांगितलं, आणि त्यांनीही आदराने माना झुकवल्या.

"काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"विनय," तो म्हणाला. "खरा गुरू आपण गुरू असल्याचं कधीच कबूल करत नाही."

"अहो, बस चालवायचो मी, बस," भावजी म्हणाले. त्यांनी खिशातून वाहनाचा परवाना काढला. त्याचाही जवळून फोटो घेतला गेला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मांजराचा एप्रन चढवून मी फोटोत घुसले आणि भावजींची बाही धरली.

"हात धुवा. मुळा घ्या. असा नाही, आडवा. मीठ कमी. कमी म्हटलं ना मी?"

भावजी घामाघूम झाले, पण पिंप भरलं. मी त्यांना शेवटपर्यंत रागवत होते आणि सगळं कॅमेऱ्यात जात होतं. चित्रफीत झाली तेव्हा कळलं, तिच्यात मी गुरुजींची तोंडाळ शिष्या आहे.

ते पिंप इतकं खारट झालं की जीभ सोलून निघावी. लांबून आलेल्या लोकांनी डोळे मिटून खाल्लं, आणि अशी चव आता कुठे मिळते म्हणाले. भावजींनी मात्र एकच फोड चाखली आणि ती थुंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या मागच्या दारी येऊन उभे राहिले.

"वहिनी, मीठ नेमकं किती?"

तेव्हापासून दर आठवड्याला येतात. मागच्या खेपेला त्यांनी एकट्याने एक पिंप भरलं. कोंडा जास्त झाला होता. मी सगळं उपसून पुन्हा भरायला लावलं.