कौल मिळाला नाही

जेवणं उरकली, उरलेल्या बीन्सच्या पातेल्यावर झाकण पडलं आणि सगळे पुन्हा बाकांवर येऊन गप्प बसले. क्वेकर म्हणजे हत्यार न उचलणारा ख्रिस्ती पंथ. गावोगावच्या त्यांच्या मंडळीला सभाच म्हणतात, आणि तिचं कामकाजसुद्धा मौनाने सुरू होतं. एखादा नवखा चुकून आत आला तर त्याला वाटावं, इथे कुणीतरी वारलंय. समोरच्या टेबलाशी आर्डिथ बसली होती. ती सभेची चिटणीस. ह्या लोकांत मतं मोजत नाहीत, हात वर करत नाहीत. चिटणिसाने सगळ्यांचं ऐकायचं, सभेचा कौल कुठे पडतोय ते ओळखायचं आणि मोठ्याने सांगायचं. स्वतःचं मत पोटात ठेवायचं. इतकी वर्षं आर्डिथला ते कधी जड गेलं नव्हतं. आज जात होतं, कारण आज तिच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न होता.

ग्रेडी राज्याच्या जुन्या तुरुंगात होता. नशेच्या गोळ्यांसाठी त्याने औषधाचं दुकान लुटलं होतं, तेही पिस्तूल रोखून. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या हत्याराला हात लावला नाही, त्या घरचा हा मुलगा. तुरुंगाच्या भिंती विटांच्या आणि वर पत्रा. उन्हाळे दरवर्षी जास्तच तापत चाललेले. गेल्या जुलैत तिथली माणसं संडासातलं पाणी अंगावर मारून उघडी लादीवर पडायची. त्यांतली दोघं एका सकाळी उठलीच नाहीत.

कोठड्या थंड ठेवणं तुरुंगावर बंधनकारक करावं, असं विधेयक क्वेकरांनीच लावून धरलं होतं. अधिवेशनामागून अधिवेशनं गेली, विधेयक दर वेळी कुठल्या ना कुठल्या समितीत कुजलं. ह्या वर्षी मात्र ते हातातोंडाशी आलं होतं. राज्यातल्या सगळ्या सभांच्या वतीने राजधानीत धावपळ करणारी ब्रिन मुद्दाम गाडी काढून आली होती. आमदारांच्या दारांत उभं राहून राहून ह्या पोरीचा आवाज बसला होता.

"उद्या समितीत मतदान आहे," ब्रिन म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या झाल्यात, सगळं सिनेटर विलेट्सवर येऊन अडलंय. त्याची आजी तुमच्याच कबरस्तानात आहे. तो मला तोंडावर म्हणाला, माझ्या आजीच्या सभेने येऊन सांगितलं तर मी हो म्हणेन, मतदारांना तोंड दाखवायला मला तेवढा आधार पुरे. तेव्हा उद्या आर्डिथने सभेच्या वतीने दोन मिनिटं बोलायचं. बस, एवढंच."

"आणि ती नवी इमारत?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

ब्रिनचा चेहरा उतरला. "ती विरोधकांनी मागाहून घुसडली. गारव्याला पैसे आहेत, पण त्याच विधेयकात नव्या तुरुंगालाही पैसे आहेत. चारशे खाटांचा. त्याशिवाय त्यांची माणसं हलायला तयार नाहीत. मला तरी कुठे गोड लागतंय ते!"

पुन्हा मौन. मार्च सरत आला होता तरी बाहेर गारठा होता आणि हीटरचे जुने पाइप मधूनच ठोठो करत होते. मग एकेक जण उठून बोलायला लागला. इमारत कुणालाच नको होती, पण माणसं मरताहेत त्याचं काय, असाच बहुतेकांचा सूर. नव्वदी गाठलेली ओपल काठी टेकत उभी राहिली. "अंगणातला दिवा पिवळा हवा की पांढरा, हे ठरवायला आपण दोन वर्षं घेतली," ती म्हणाली. "मी म्हटलं, चालेल, मला काय घाई आहे! पण सूर्य काही आपल्यासाठी थांबायचा नाही रे बाबांनो." सगळे हसले. आर्डिथलाही हसू आलं आणि तिच्या मनातली गाठ जरा सैल झाली. कौल पडत होता. तिला तो दिसत होता.

तेवढ्यात वेंडेल उठला.

वेंडेल तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. नवरा गेला तेव्हा शवपेटी त्यानेच रंधा मारून तयार केली होती. ग्रेडीला सायकल त्याने शिकवली, पोहायला त्याने शिकवलं. विशीत असताना त्याने लढाईवर जायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंग भोगला.

"उकाडा काय असतो ते मला कुणी सांगू नका," तो म्हणाला. "मी दाराखालच्या फटीला नाक लावून रात्री काढल्यात. पण चारशे खाटा बांधल्या की त्या रिकाम्या राहत नाहीत. भरतात. कुणाच्या पोरांनी भरतात तेही आपल्याला माहीत आहे. गरिबांच्या, काळ्यांच्या. आज जे आत आहेत त्यांना गार वारा मिळावा म्हणून उद्याची चारशे माणसं आपण देऊन टाकायची? आणि वर आपल्या सभेचं नाव लावायचं? मला ते जमणार नाही. मी आडवा उभा आहे."

असं कुणी म्हटलं की सभा तिथेच थांबते. बाकीचे सगळे एका बाजूला असले तरी थांबते. क्वेकरांना ह्या रिवाजाचा अभिमान आहे, आणि आपण कुणालाही चिरडून पुढे जात नाही असं ते बाहेरच्यांना आवर्जून सांगतात. त्या दुपारी त्या अभिमानाची किंमत कोण मोजणार होतं ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणी आर्डिथकडे बघत नव्हतं.

ब्रिनला राहवलं नाही. "वेंडेल, तू स्वतः जुलैत एसी लावूनच झोपतोस ना?"

"नाही," वेंडेल म्हणाला. त्याच्या घरात एसी नव्हताच. तो कधी घेणारही नाही, हे ब्रिन सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आर्डिथने टेबलाची कड धरली. "वेंडेल, तू बाजूला होशील का? तुझा विरोध नोंदवून घेते. पण वाट सोडशील का?" एवढं विचारायचा चिटणिसाला हक्क असतो.

वेंडेलने तिच्याकडे पाहिलं.

"आर्डिथ, हे कोण विचारतंय? चिटणीस विचारत असेल तर नाही. माझं मन हलत नाही. पण ग्रेडीची आई विचारत असेल तर मी आत्ता बाजूला होतो. त्या पोरासाठी मी माझं मन गिळून टाकीन. तू फक्त तसं म्हण."

आर्डिथने एक शब्द टाकला की झालं. पण ही खुर्ची लोकांनी विश्वासाने दिलेली. तिच्यावर बसून स्वतःच्या मुलासाठी पदर पसरला, तर त्याला कौल कसा म्हणायचा? ती भीक झाली असती. वेंडेल मन गिळेल आणि मरेपर्यंत ते त्याच्या घशात अडकून राहील. शिवाय त्या चारशे जणांनाही आया असणारच. हे सगळं तिच्या डोक्यात आलं, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्यात थोडा ताठाही होता. आयुष्यभर ती निःपक्षपाती म्हणून नावाजलेली बाई. सगळ्यांदेखत ते नाव सोडवेना.

"मी चिटणीस म्हणून विचारतेय," ती म्हणाली.

"मग नाही," वेंडेल म्हणाला. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"सभेचं एकमत नाही. कौल मिळालेला नाही." बोलताना तिचा आवाज कापला नाही. ह्याचं तिला त्या वेळी बरंही वाटलं.

बाहेर गाडीपाशी ब्रिनने तिला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तो स्वतःहून देत होता गं! सोन्यासारखी संधी देत होता! मी ह्यासाठी तीन हिवाळे राजधानीतल्या त्या जिन्यांवर काढले?"

"उद्या मी येते," आर्डिथ म्हणाली. "माझ्यापुरतं बोलेन."

"तुझ्यापुरतं कोण ऐकतंय तिथे!"

ब्रिनचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी समितीच्या दालनात आर्डिथ माइकसमोर बसली. सिनेटर विलेट्स अगदी आदराने बोलला. असली माणसं नेहमी आदरानेच बोलतात.

"आपण सभेच्या वतीने बोलताय का, मॅडम?"

"नाही."

"का बरं?"

"सभेचं एकमत झालं नाही."

"म्हणजे माझ्या आजीच्या सभेलाही हे पटलेलं नाही तर."

"तसं नाही. फक्त एकाच सभासदाचा..."

"मॅडम, मी लहानपणी त्या बाकांवर पाय हलवत बसलोय. तुमच्यात एकाचं नाही म्हणजे सभेचं नाही, असंच असतं ना?"

असंच असतं. "हो," ती म्हणाली. मग घाईघाईने म्हणाली, "पण माझा मुलगा त्या कोठडीत आहे. मी आई म्हणून तुमच्या पाया पडते, ह्या उन्हाळ्यात ती माणसं..."

"आत असलेल्या प्रत्येकालाच आई असते," विलेट्स हळूच म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. दुपारी त्याचं मत विरोधात पडलं. विधेयक मेलं.

नव्या तुरुंगाचे पैसे मात्र मेले नाहीत. अधिवेशन संपता संपता ते अंदाजपत्रकाच्या कुठल्याशा पानावर गुपचूप शिरले आणि मंजूरही झाले. गारवा तेवढा गळला. ते कळलं त्या संध्याकाळी वेंडेल आर्डिथच्या ओट्यावर येऊन बसला. ती बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली. अंधार पडल्यावर तो उठून गेला.

जुलै आला तो आग ओकतच. मक्याची पानं दुपारी वळून सुरळ्या व्हायची. आर्डिथने घरातला एसी बंद करून पाहिला. दुसऱ्या दिवशी तिला घेरी आली, आणि तिने तो मुकाट्याने चालू केला. मग बातमी आली की जुन्या तुरुंगात उष्म्याने एक कैदी दगावला. नाव डुप्री. ग्रेडीच्या कोठडीतला म्हातारा, हृदयाच्या गोळ्या घेणारा.

भेटीच्या रविवारी ती गेली. भेटीच्या खोलीत एसी होता, कारण तिथे शिपाई बसतात. तिने यंत्रात नाणी टाकून थंड पेयाचा डबा काढला. ग्रेडीने तो उघडलाच नाही, नुसता मानेला लावून बसला. मानेवर घामोळ्यांची लाल चकती उठली होती.

"डुप्री गेला," तो म्हणाला.

"कळलं मला."

"काय कळलं तुला? दुपारपासून तो बरळत होता. बायकोला हाका मारत होता, ती मरून किती वर्षं झाली देव जाणे. मी दार बडवलं. शिपाई म्हणाला, सगळ्यांनाच उकडतंय. माझ्या वाटचं पाणी मी त्याच्या डोक्यावर ओतलं. सकाळी हात लावला तर तो गरम होता, आई. मेला होता आणि गरम होता."

तिने त्याचा हात धरला. त्याने धरू दिला.

"आत सगळे म्हणतात, क्वेकरांनीच अंग काढून घेतलं. मी दोघांशी भांडलो त्यावरून. कोण आडवं आलं?"

वेंडेलचं नाव तिच्या जिभेवर होतं. ते खोटंही झालं नसतं. पण अर्धवट खरं सांगायची तिला सवय नव्हती. तिने सगळं सांगितलं, वेंडेलने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही.

ग्रेडीने हात काढून घेतला. "म्हणजे वेंडेल तयार होता."

"हो."

"माझ्यासाठी."

"हो."

"आणि तू नव्हतीस."

"ग्रेडी, त्या खुर्चीवर बसल्यावर मला..."

"खड्ड्यात गेली खुर्ची! शाळेत त्या पोरांनी मला धुतलं होतं, तेव्हा तू काय केलंस? आधी त्यांची बाजू ऐकून घेतलीस. माझ्या नाकातून रक्त वाहत होतं. कोर्टात जजने विचारलं तेव्हा म्हणालीस, माझ्या मुलाने केलं ते वाईटच केलं."

"वाईटच होतं ते."

"होतंच गं! मी कुठे नाही म्हणतोय? पण ते म्हणायला सरकारी वकील होता ना तिथे!"

शेजारच्या टेबलावरचं लहान मूल त्यांच्याकडे बघायला लागलं. ग्रेडीने आवाज खाली आणला.

"एकच सांग. पुन्हा तशीच वेळ आली, वेंडेलने पुन्हा तेच विचारलं, तर काय म्हणशील? खोटं बोललीस तरी चालेल. मला फक्त ऐकायचंय."

आर्डिथने तोंड उघडलं. मुलाच्या ओठांना उकाड्याने चिरा पडल्या होत्या, त्या तिला दिसत होत्या. जगातल्या कुठल्याही आईने जे म्हटलं असतं तेच म्हणायचं होतं, आणि त्यासाठी तिचा जीव तुटत होता. पण काहीही बोलण्याआधी ते खरं आहे का हे मनात तपासून पाहायची तिची जन्माची खोड. तिने तपासलं. आत तिला ना हो सापडलं, ना नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

ग्रेडीने मान हलवली. डबा तसाच न उघडता टेबलावर ठेवला आणि तो उठला. भेटीची वेळ अजून पुष्कळ बाकी होती. जुलैत ती गार खोली सोडून आधीच आत जाणारा कैदी कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून दारावरच्या शिपायाने त्याला दोनदा विचारलं, नक्की जायचंय का. ग्रेडी दोन्ही वेळा हो म्हणाला.