नाकापुरती वाइन

लातूरहून नांदेडला निघताना, गाडी सुरू करायच्या आधीच अश्वजित वडलांना म्हणाला, "बाबा, तिकडं जुनं काही काढू नका. तनुजाला मी सांगितलेलं न्हाई."

आनंदराज नुसते "हाव" म्हणाले. मागं बसलेली त्यांची बायको विशाखा खिडकीबाहेर बघत राहिली. जुनं म्हणजे काय, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. आनंदराज पूर्वी पीत. चाकूरला नोकरीला असताना शाळकरी अश्वजितनं त्यांना स्टँडमागून उचलून रिक्षात घालून घरी आणलं होतं, तेही एकदा नाही. पुढं व्यसनमुक्तीचा गट मिळाला, दर रविवारची बैठक लागली, आणि दहाएक वर्षं झाली, थेंब घेतला नव्हता.

अश्वजित आणि तनुजानं लग्न आपलं आपणच ठरवलं होतं. हे बौद्ध, ती लिंगायत. दोन्ही घरांनी आधी आढेवेढे घेतले, मग होकार दिला. आज, रविवारी दुपारी, तिच्या वडलांनी, नांदेडचे दातांचे डॉक्टर मन्मथ यांनी, सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं.

दारात स्वागत झालं, पाणी झालं, आणि आनंदराजांची नजर जेवणाच्या टेबलावर गेली. प्रत्येक ताटापुढं उंच दांड्याचे दोन-दोन ग्लास. बाजूला बर्फात खोचलेली बाटली, शेजारी दुसरी उघडून ठेवलेली.

"आमच्या घरात अंडं शिजत न्हाई," डॉक्टर हसत म्हणाले, "पण वाइनचा मला लई नाद. नाशिककडं जाऊन शिकून आलो. कशाबरोबर कोणती घ्यायची, ते आज दाखवतो तुम्हाला. अश्वजित म्हणला, तुमच्याकडं सगळ्यांना चालतं."

आनंदराजांनी मुलाकडं पाहिलं. अश्वजित ताटातला चमचा सरळ करत होता.

आम्ही पंचशील पाळतो, एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. कुणी पुढं विचारलंही नसतं. पण ज्यानं ते पाचवं, दारू न पिण्याचं शील इतकी वर्षं नालीत लोळवलं, त्यानं आता त्याच्याच आडोशाला लपायचं? जीभ रेटेना. ते खुर्चीत बसले. टेबलाखाली पाय आपोआप हलायला लागला.

डॉक्टरांनी पांढरी वाइन ओतली, अगदी बोटभर. "दांड्याला धरा. गोल फिरवा. आता नाक आत घाला आणि सांगा, कशाचा वास यायलाय?"

तनुजाला कशाचाच आला नाही. तिची आई महानंदा म्हणाली, "आंबट काहीतरी."

आनंदराजांनी वास घेतला. तो आत कुठंतरी खोल गेला. "कैरीची साल," ते म्हणाले. "आणि कोऱ्या माठात पाणी भरल्यावर येतो, तसा."

"वा!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "याला म्हणतात नाक! आता घोट तोंडात घोळवा, वर कोथिंबिरीची वडी खा. गिळायचंच असं न्हाई हं, जाणकार थुंकतात. हे भांडं त्यासाठीच."

भांडं बघून आनंदराजांना हायसं वाटलं. ग्लास ओठाशी नेल्यासारखं केलं, रुमाल तोंडाला लावला, आणि सगळ्यांचं लक्ष वड्यांकडं असताना वाइन भांड्यात ओतून टाकली. विशाखानं ते पाहिलं. तिनं तिचा पाय त्यांच्या हलत्या पायावर ठेवला.

मग लाल आली. "ही तुरट," डॉक्टर सांगत होते. "तुरटपणाला तेल-तूप लागतं. म्हणून भरल्या वांग्याचं शेंगदाण्याचं वाटण. पण ठेचा लावू नका, नुसतं तोंड भाजेल. तिखटाला गोडसर पांढरीच बरी. सांगा व्याही, वास?"

जांभळं. तंबाखूची चंची. उन्हात तापलेलं चामडं. आनंदराज सांगत गेले, आणि डॉक्टर खूश होत गेले. खरं तर सांगून झालं होतं, ग्लास खाली ठेवायचा होता. पण नाक आतच राहिलं. मिशी ओली झाली. तोंडाला पाणी सुटलं. हात इतका थरथरत होता की तो दिसू नये म्हणून त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. हीही त्यांनी कशीबशी भांड्यात रिकामी केली.

"तुमच्यासारखा माणूस भेटल्यावर ती काढायलाच पाहिजे," म्हणत डॉक्टरांनी कपाटातून एक जुनी बाटली आणली. अर्धा-अर्धा ग्लास भरला. "ही मात्र थुंकायची न्हाई. ही सोयरिकीची."

सगळ्यांनी ग्लास उचलले. आनंदराजांनीही उचलला. आणि हात थरथरायचा थांबला, पूर्वी पहिल्या घोटाआधी थांबायचा तसा. ते लक्षण त्यांच्या ओळखीचं होतं. अश्वजितच्याही.

"बाबा, ठेवा ते."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. अश्वजित उभा राहिला. "बाबा पीत न्हाईत. आधी पीत होते, लई. मी खोटं बोललो तुम्हाला."

डॉक्टरांच्या हातातला ग्लास तसाच वर राहिला. "पण वास इतका नेमका..."

"वास घेतला, डॉक्टर. पिलो न्हाई," आनंदराज म्हणाले. ग्लास अजून त्यांच्या हातातच होता. "त्यानं हटकलं नसतं, तर आत्ता पिलो असतो."

विशाखानं तो ग्लास काढून घेतला.

तनुजा अश्वजितला एवढंच म्हणाली, "मला काहून सांगितलं न्हाईस?" आणि आत गेली. महानंदानं ग्लास उचलून नेले. जेवण कसंबसं उरकलं. निरोप देताना डॉक्टर ओशाळून म्हणाले, "मी तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं." तनुजानं वाकून नमस्कार केला, अश्वजितकडं पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या वाटेत लोह्याला आनंदराजांनी गाडी थांबवायला लावली. हॉटेलच्या नळाखाली साबणानं मिशी धुतली. पुन्हा धुतली. वास जाईना. तिथूनच त्यांनी गटातल्या निवृत्तीला फोन लावला. निवृत्ती रिटायर झालेला एसटी ड्रायव्हर, फार बोलत नसे. "घरी जाऊ नको," तो म्हणाला. "सरळ बैठकीला ये."

"तनुजानं न्हाई म्हणलं तर?" वाटेत अश्वजितनं विचारलं.

आनंदराजांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. त्या संध्याकाळी ते बैठकीत शेवटपर्यंत बसले.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून येऊन बूट काढत होते, तेवढ्यात तनुजाचा फोन आला. त्यांनाच.

"बाबा, एक विचारते, राग मानू नका. परत होईल का तसं?"

होणार नाही, असं म्हणणं सोपं होतं. ते एका पायात बूट तसाच ठेवून उभे राहिले.

"सांगता येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "काल होता होता राहिलं. आज न्हाई झालं."

मग ती म्हणाली, "अश्वजित माझा फोन उचलेना. त्याच्याकडं द्या."

एका पायात बूट, एका पायात मोजा, असे आनंदराज फोन हातात धरून मुलाला हाका मारत सगळ्या खोल्या धुंडाळायला लागले.