टॅन्सीची जवळची वाट

टॅन्सी पळायची, हाच तिचा दोष. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके असलेली शिकारी जातीची कुत्री. नाक तर असं, की आमच्या सबंध माळावर तसं दुसरं नव्हतं. पण पक्षी उडाला की ही त्याच्यामागे सुटायची आणि जाता जाता आणखी वीस रानकोंबड्या उठवायची. बंदुका भरायच्या आत माळ मोकळा.

ती जमीनदाराची, पण आईमागे राहिलेली म्हणून मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. जुलैच्या सुरुवातीला, शिकारीच्या माळावरचे आमचे मुख्य राखणदार थिर्लवेल दारात आले. वयाने माझ्याहून लहान, हुद्द्याने मोठे.

"नेड, महिनाअखेर मी तिला माळावर बघणार. पक्षी उठल्यावर जागची हलली, तर न्यूकॅसलला मालकांच्या आत्याबाईंकडे जाईल. गालिच्यावर बसून बिस्किटं खाईल."

"टॅन्सी आणि गालिचा? साहेब, आठवड्यात मरेल ती."

"मग शिकव."

माझी कबुतरांची ढाबळ होती. शर्यतीची कबुतरं, कुठेही सोडा, घरीच येणार. रोज सकाळी मी एक घेऊन नदीकाठच्या कुरणात जायचो. त्याची मान पंखाखाली दाबायची, दोन्ही हातांत धरून हळूच तीन-चार झोके द्यायचे, की ते पेंगतं. मग गवतात ठेवायचं आणि कुत्रीला वाऱ्याच्या उलट बाजूने आणायचं. टॅन्सीला वास लागला की ती थिजायची, पुढचा एक पाय उचललेला, शेपटी काठीसारखी ताठ. मी पुढे जाऊन बुटाने गवत हलवायचो, कबुतर फडफडून उठायचं आणि घरी जायचं. तिने तेवढा वेळ उभं राहायचं, एवढाच धडा.

दहा दिवस लांब दोरीवर काम केलं. अकराव्या दिवशी दोरी काढली. कबुतर उडालं, टॅन्सी जागची हलली नाही. मला आनंदाने टोपी उडवावीशी वाटली. तेवढ्यात ती शांतपणे मागे वळली, ओढा ओलांडला, कुंपणाच्या फटीतून घुसली आणि दिसेनाशी झाली.

घरी पोचलो तर बायको, एड्ना, अंगणात हसून हसून खाली बसलेली.

"अरे नेड, तुझी विद्यार्थिनी आली बघ. शाळा सुटली वाटतं लवकर?"

टॅन्सी ढाबळीसमोर एक पाय उचलून उभी होती, आणि वर फळीवर तेच कबुतर तिच्याकडे बघत घुमत होतं. पाठलाग करून काय उपयोग? पक्षी शेवटी कुठे जातो ते तिला ठाऊक झालं होतं. ती जवळच्या वाटेने घरी येऊन थांबली होती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दोरी बांधली की साध्वी, काढली की घर.

"तिचं काही चुकत नाही," एड्ना म्हणाली. "पक्षी आपल्याकडे येतो म्हणून ती येते. दुसऱ्या कुणाचा पक्षी आण."

"दुसऱ्या कुणाचा म्हणजे हेडलीचा."

"मग हेडलीचा."

हेडली टेकडीपलीकडे राहायचा. अकरा वर्षांपूर्वी जत्रेत, सगळ्यांदेखत, मी त्याच्या कबुतरांना कोंबड्या म्हणालो होतो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलला नव्हता. एड्नाने मनुका घालून तव्यावर भाजलेल्या गोड भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या आणि मी टेकडी चढलो.

हेडलीने भाकरी आधी खाल्ली, मग ऐकून घेतलं.

"काय पाहिजे म्हणालास? मला कानांनी कमी ऐकू येतं."

"कबुतरं."

"कसली?"

"उत्तम कबुतरं, हेडली. सगळ्या खोऱ्यात नाहीत अशी."

"बघ, सांगितलं असतंस तर अकरा वर्षांपूर्वीच दिली असती." त्याने दुसरी भाकरी उचलली. "पण मी बरोबर येणार. तुझ्या हातात माझा पक्षी एकटा सोडणार नाही."

तो रोज यायला लागला, आणि रोज बोलायला लागला. अकरा वर्षांचं साचलेलं सगळं. त्याची कबुतरं उठली की टेकडीकडे जायची. टॅन्सी मात्र ओढा ओलांडून आमच्या ढाबळीशी.

पहिल्या दिवशी ती तिथे तासभर बसली. "बिचारी," एड्ना म्हणाली, "बस चुकल्यासारखा चेहरा होता." चौथ्या दिवशी ती ओढ्यापर्यंत जाऊन परत आली. सातव्या दिवशी जागची हललीच नाही.

"तिला कळलं," हेडली म्हणाला.

"उद्या ती तुझ्या घरी पोचली नाही म्हणजे मिळवलं," मी म्हणालो. तो खो खो हसला. मला हसू येईना. महिना संपला होता.

परीक्षेच्या सकाळी माळावर थिर्लवेलसाहेब, मी आणि मागे हेडली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी टॅन्सीला सोडलं. शंभर पावलांवर झुडपांत ती थिजली. मी पुढे झालो. पायांखालून एकदम नऊ-दहा रानकोंबड्या फडाडत उठल्या आणि माळावरून चहूकडे पांगल्या.

टॅन्सीच्या अंगावरून थरथर गेली. तिने मान वळवून खाली आमच्या घराकडे पाहिलं. मग तिने टेकडीकडे, हेडलीच्या घराकडे पाहिलं. मग पुन्हा आमच्याकडे. हे पक्षी कुणाच्या घरचे, तेच तिला कळेना. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली.

"ती दोन्हीकडे काय बघत होती?" साहेबांनी विचारलं.

"वारा, साहेब."

हेडलीला जोराचा खोकला आला.

"हुशार आहे," साहेब म्हणाले. "बारा ऑगस्टला शिकारीचा हंगाम उघडतो, सकाळी सातला फाटकाशी घेऊन ये. आत्याबाईंना मांजर पाठवू."

ते टेकाडाआड जाईपर्यंत आम्ही दोघं सरळ उभे होतो. मग हेडली झुडपांत बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मी टॅन्सीच्या पट्ट्यात बोटं घातली आणि बराच वेळ काढलीच नाहीत.