नवव्या ब्राऊनचा ढाळ

आखातात, अहमदीच्या दक्षिणेला, जिथून मीना अब्दुल्लाच्या तेलकारखान्यांची धुराडी दिसतात, तिथे एक गोल्फ क्लब होता आणि त्यात गवताची एक काडी नव्हती. गोल्फमध्ये चेंडू भोकात ढकलायची जी शेवटची गुळगुळीत जागा असते, ती जगात सगळीकडे हिरवळीची. इथे वाळूत तेल कालवून, वर रूळ फिरवून ती करत आणि तिला ब्राऊन म्हणत. अशी नऊ ब्राऊनं होती. ती घडवणारा, झाडणारा, धुळीचं वादळ येऊन गेलं की पुन्हा घडवणारा माणूस एकच, राजापूरकडचा दत्तप्रसाद. त्याला गोल्फ खेळता येत नव्हतं. क्लबच्या समितीत अकरा जण होते, त्यांतल्या नऊ जणांनाही येत नव्हतं, पण त्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

या समितीने यंदा मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवायची ठरवली. गवतावरची स्पर्धा काय, कुणीही भरवतं. आपण वाळूचा वारसा जपू, असं अध्यक्ष म्हणाले. वारसा हा शब्द आल्यावर कुणाला नाही म्हणवेना. मग मिस्टर हॅलोवेल नावाचे एक इंग्रज सल्लागार आले. त्यांनी आठवडाभर मोठी टोपी घालून मैदान पाहिलं आणि चाळीस पानांचा रंगीत अहवाल दिला. त्याचा मथितार्थ सर्फराजने दत्तप्रसादला एका वाक्यात सांगितला.

"सपाट पाहिजेत. सगळी. आरशासारखी."

सर्फराज सुपरवायझर. दत्तप्रसादच्या गावासमोरच्या खाडीपलीकडचा, म्हणजे तसा शेजारीच. बायकोमुलांसह एगैलाला राहायचा, आणि दत्तप्रसाद मीना अब्दुल्लाच्या कामगार कॅम्पात, एका खोलीत सहा जणांत.

"आणि ऐक दत्त्या, तुझी जूनची रजा या नऊ गोलांवर आहे. मुदीरने सांगितलंय. स्पर्धा बिनतक्रार पार पडली तर दीड महिना देतो. काही गडबड झाली तर पुढच्या साली बघू." मुदीर म्हणजे क्लबचा मॅनेजर.

"पुढच्या साली स्वरा दुसरीत जाईल, सर्फराजभाय."

"म्हणून तर सांगतोय मेल्या, सपाट कर."

स्वरा म्हणजे त्याची मुलगी. तिचं बारसं त्याने फोनवर पाहिलं होतं, पहिलं पाऊलही फोनवर. तेव्हा तर ऐन वेळी नेट गेलं आणि चित्र थिजलं. पोरीचा एक पाय हवेत तो हवेतच राहिला. बालवाडीत सोडायला आजोबा गेले. पण पहिलीच्या पहिल्या दिवशी, पंधरा जूनला, शाळेपर्यंत हात धरून बाबाच नेणार, असा शब्द त्याने दिला होता, आणि स्वराने तो वाडीतल्या प्रत्येक माणसाला व दोन म्हशींना सांगून ठेवला होता. बूटही आणून झाले होते. वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे. ते घालून ती घरापुढच्या खळ्यात फटक्‌फटक् चालायची आणि सुखदा, तिची आई, फोन खाली धरून त्याला तो आवाज ऐकवायची.

दत्तप्रसादने आठ ब्राऊनं केली ती आरशासारखीच. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन टोकांची पातळी जुळवून, गवंडी करतात तशी. स्पर्धेला पाच दिवस उरले असताना धुळीचं वादळ आलं आणि नववं ब्राऊन पार उडवून घेऊन गेलं. उन्हात राहून नळीही फुटली होती. नवी मागवायला अर्ज, अर्जाला सही, सहीला साहेब, आणि साहेब विमानतळावर पाहुणे आणायला गेलेले. मग नववं त्याने हाताने केलं. फळी मारून, रूळ ओढून, डोळ्यांच्या अंदाजाने, एका दिवसात. झाल्यावर त्यालाच कौतुक वाटलं. इतकं सुरेख बाकीचं एकही झालं नव्हतं.

पाहुणे चोवीस होते. त्यांतला पोस्टरवरचा एकच, पाराग्वेचा अनास्तासियो रोलोन. पोस्टरवर तो 'दक्षिण अमेरिकेचा ढाण्या वाघ' होता आणि त्याला भरघोस केस होते. सर्फराज ते पोस्टर घेऊन विमानतळावर अर्धा तास उभा राहिला, आणि त्या पोस्टरखालीच एक टकला, थकलेला, सेहेचाळीस वर्षांचा माणूस सामानावर बसून राहिला. शेवटी त्यानेच उठून पोस्टरवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

वाघ खरा होता, पण फोटो वीस वर्षांपूर्वीचा. रोलोनने तीन खंडांत मिळून आठ स्पर्धा जिंकल्या होत्या. एकदा अमेरिकेत, मोठ्या स्पर्धेत, तीन दिवस सगळ्यांच्या पुढे होता. चौथ्या दिवशी त्याचे दोन चेंडू एकाच तळ्यात गेले, आणि तेव्हापासून पत्रकार त्याला दुसरं काही विचारतच नसत. पुढे खांदा गेला, मग क्रमवारी. आता तो नऊशेच्या पलीकडे कुठेतरी होता. इथे जिंकणाऱ्याला आशियातल्या स्पर्धांमध्ये वर्षभराचा प्रवेश होता. नाहीतर घरी जाऊन हॉटेलातल्या पाहुण्यांना काठी कशी धरायची ते शिकवायचं. हे त्याने स्वतःच सांगितलं, पहिल्या दिवशी, ब्राऊन झाडणाऱ्या दत्तप्रसादला, तुटक्या इंग्रजीत, हसत. बाकी सगळे त्याच्याशी तळ्याविषयीच बोलत होते.

"खेळायला कुठे शिकला, सर?" दत्तप्रसादने तितक्याच तुटक्या इंग्रजीत विचारलं.

"घरी. पेरूची फांदी. चेंडू नाही. आंबे मारायचो."

दत्तप्रसादच्या हातातला झाडू थांबला. "आंबे?"

"हो. आमच्याकडे खूप. रस्त्यात पडून सडतात."

त्या माणसाबद्दल आदर वाटावा की पोलिसांत कळवावं, हे दत्तप्रसादला काही वेळ ठरवता येईना.

स्पर्धा सुरू झाली. आठ ब्राऊनांवर सगळं मजेत चाललं. नवव्यावर पहिल्या खेळाडूने हलकेच चेंडू ढकलला. चेंडू भोकाकडे निघाला, भोकाच्या अलीकडे थोडा विचार केला, वाट बदलली आणि सावकाश ब्राऊनच्या काठाबाहेर जाऊन थांबला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्या खेळाडूने काठी जमिनीत रोवली. सल्लागार हॅलोवेल गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला, दुसरा मिटला, आणि "वारा" असं म्हणाले. वारा नव्हता.

काठावर उभ्या दत्तप्रसादने झाडू खाली टेकवला. त्याला कळलं होतं.

त्याच्या गावाला पाऊस सरला की घरोघर खळं करतात, घरापुढचं अंगण चोपून, सारवून. ते सपाट कधीच करत नाहीत. घराकडून बाहेर, चार बोटं ढाळ द्यायचा, दिसेल न दिसेलसा, अवकाळी सर आली तर पाणी दारात साचू नये म्हणून. आणि काठाला एका जागी अंगठ्याने जरा दाबून पाण्याला वाट ठेवायची. हे कुणी शिकवत नाही. बापाचे हात बघून हातात येतं. नळी होती तोवर हात नळीचं ऐकत होते. नळी फुटल्यावर त्यांनी आपल्या मनाचं केलं होतं. ज्या देशात वर्षाला पाच-सहा वेळा पाऊस पडतो तिथे दत्तप्रसादने पावसाची सोय करून ठेवली होती, आणि काठावर ती अंगठ्याची खूणही होती.

दुपारच्या सुट्टीत त्याने सर्फराजला गाठलं.

"सर्फराजभाय, ते वारा नाय. ढाळ माझा आहे."

सर्फराजने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "तू मला काय सांगितलंस?"

"ढाळ..."

"काही नाही सांगितलंस. तुला रजा पाहिजे ना?"

"आज दुपारी सारखं करतो. दोन तासांचं काम."

"स्पर्धा चालू असताना ब्राऊनला हात लावायचा नाही, नियम आहे. फक्त झाडायचं. तीन दिवस तोंड मिट आणि झाड."

तेवढ्यात फोन वाजला. स्वरा होती, बूट घातलेली. "बाबा, तुझ्या खेळात कोण जिंकला?"

"अजून कोण नाय गं. चेंडू भोकात जातच नाहीत."

"मग भोक मोठं कर ना!" असं म्हणून ती फटक्‌फटक् निघून गेली. या प्रश्नावर सकाळपासून कुणी दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला होता.

रोलोन नवव्यावर पोचला तो शेवटच्या गटात. त्याने चेंडूकडे पाहिलंच नाही. हात पाठीमागे बांधून, ब्राऊनच्या बाहेरून, काठाकाठाने सावकाश चालत गेला. अंगठ्याची खूण होती तिथे थांबला, उकिडवा बसला. मग मान वर करून त्याने सरळ दत्तप्रसादकडे पाहिलं.

दत्तप्रसाद झाडूकडे बघत राहिला. आता हा बोट दाखवणार, हॅलोवेल येणार, मुदीर येणार, आणि पंधरा जूनला पुन्हा आजोबाच जाणार.

रोलोन उठला. भोकाच्या दिशेला नव्हे, भलतीकडेच, वरच्या अंगाला त्याने चेंडू ढकलला. बघणाऱ्यांतले दोघे हसले. चेंडू वर गेला, आळसावला, वळला, आणि घरी परत येणाऱ्या गायीसारखा आपला आपण भोकात शिरला.

नऊ भोकांचं मैदान, रोज दोन फेऱ्या. तीन दिवसांत नववं ब्राऊन प्रत्येकाच्या वाट्याला सहा वेळा आलं. तेवीस जणांनी तिथे शिव्या घातल्या, एकूण अकरा भाषांत. एकाने लेखी तक्रार टाईप करून ठेवली, जिंकलो नाही तर द्यायची म्हणून. रोलोनने सहाही वेळा तिथे चेंडू एकाच फटक्यात घरी आणला, आणि एका फटक्याच्या फरकाने स्पर्धा जिंकली. शेवटचा चेंडू पडला तेव्हा त्याने टोपी काढून तोंड झाकलं, आणि बराच वेळ ती खाली केली नाही. या वेळी आसपास तळं नव्हतं.

तक्रार आता कुणाकडे करायची? पोस्टरवरचा माणूसच जिंकला होता. समिती इतकी खूष झाली की तासाभरात नवव्या ब्राऊनला बाप मिळाला. हॅलोवेल पत्रकारांना म्हणाले, "तो उतार ही आमच्या रचनेतली सर्वांत धाडसी कल्पना होती. वाळवंटाशी संवाद." अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की उरलेली आठही ब्राऊनं अशीच होतील, काम जूनमध्ये सुरू, ऑक्टोबरात संपलं पाहिजे.

सर्फराज मंडपातून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "वाचलास, दत्त्या. कुणाला काही कळलं नाही."

"मग रजा?"

सर्फराज जमिनीकडे बघायला लागला. "तेच... जूनमध्ये तुझ्याशिवाय करणार कोण हे? मी बोललो मुदीरशी. तो म्हणतो, काम एवढं चांगलं केलंय तर माणसाला सोडायचा कसा?"

गडबड झाली असती तरी रजा गेली असती. गडबड सुंदर झाली म्हणूनही गेली. दत्तप्रसादने झाडू घेतला आणि नववं ब्राऊन झाडायला गेला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

रोलोन तिथे आधीच होता. चषक वाळूत ठेवून अंगठ्याच्या खुणेचा फोटो काढत होता.

"तू?" त्याने खुणेवर बोट ठेवलं.

"होय, सर. माझा गाव, खूप पाणी. चूक झाली."

"चूक नाही. माझी आई, लाल माती, अंगण. हेच." त्याने हवेत अंगठा दाबून दाखवला. "सकाळी झाडते. अजून झाडते." मग दत्तप्रसादच्या तोंडाकडे नीट बघून विचारलं, "मी जिंकलो. तू का रडतो?"

दत्तप्रसादने फोन काढून बूट घातलेल्या स्वराचा फोटो दाखवला. "मुलगी. पंधरा जून, शाळा, पहिला दिवस. आता रजा नाही. सगळी ब्राऊनं अशी करायची, जूनमध्ये."

रोलोनने बूट बघितले, दोन नंबर मोठे. त्याच्याही मुली मोठ्या झाल्या होत्या, बहुतेक तो विमानात असताना. त्याने फोन परत दिला.

"तुझ्या गावात," त्याने विचारलं, "अंगण केव्हा करतात?"

"पाऊस संपला की. दिवाळीला. जूनमध्ये कोणी हात लावत नाही. जमीन झोपते."

"जमीन झोपते," रोलोन म्हणाला. त्याने चषक काखेत मारला आणि मंडपाकडे चालू लागला.

पुढचं सर्फराजने डोळ्यांनी पाहिलं. जेवणं चालली होती. विजेत्याने काटा खाली ठेवून सल्लागारांना, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं, सांगितलं की तुमची रचना थोर आहे, पण आमच्याकडच्या जुन्या जाणत्यांना ठाऊक असतं, अशा उताराच्या जमिनीला जून ते सप्टेंबर माणसाने हात लावू नये. ती तेव्हा निजते. उठवली तर उतार मरतो. तुम्हाला हे माहीत असेलच.

हॅलोवेलांचा घास क्षणभर थांबला. "अर्थात," ते म्हणाले. "माझ्या पुढच्या अहवालात ते येणारच आहे."

तोही चाळीस पानांचा झाला. बारकाईने पाहिलं तर जून ते सप्टेंबर हे अहमदीत तसेही असे महिने, की माणूसच बाहेर पडत नाही. पण ते दत्तप्रसाद बोलला असता तर ऐकायला कोण बसलं होतं? कागदावर आलं, 'नैसर्गिक विश्रांतीकाळ', आणि खाली अध्यक्षांची सही. विश्रांतीकाळात ब्राऊन करणाऱ्या माणसाला ठेवून खायला का घालायचं, असा प्रश्न मुदीरनेच काढला, आणि रजा दीड महिन्याची तीन महिन्यांची झाली.

रजेच्या कागदावर सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तप्रसादने नवव्या ब्राऊनच्या काठावर बसून घरी फोन लावला. सुखदाला तो रजेचं सांगत होता, तेवढ्यात स्वराने फोन ओढून घेतला.

"बाबा, तू कसा काय येणार?"

"इथली जमीन झोपणार आहे गं. ती झोपली की मी येणार."

स्वराने विचार केला. "आणि ती झोपलीच नाय तर? मी दुपारची झोपत नाय."

"झोपेल."

"तिला गाणं लागेल," ती म्हणाली. "फोन खाली ठेव."

दत्तप्रसादने इकडेतिकडे पाहिलं आणि फोन ब्राऊनवर उपडा ठेवला. वाळूतून बारीक, बेसूर, अर्धे शब्द विसरलेलं गाणं येऊ लागलं. लांबून सर्फराज हातवारे करत, ओरडत येत होता, "दत्त्या! मेल्या, रुळाचं काय झालं?"

दत्तप्रसादने ओठांवर बोट ठेवलं.

सर्फराज जवळ आला, फोन बघितला, ऐकलं, आणि आपल्या चपला काढून हातात घेऊन चवड्यांवर मागे फिरला.