लूनीऐवजी टूनी

कागदी गुंडाळीत पंचवीस नाणी होती. लेसियाने ती यंत्राच्या झाकणावर पाच-पाचच्या पाच चळती लावून दोनदा मोजली. पंचवीसच. गोची एवढीच, की तिने पतपेढीत पंचवीस डॉलर देऊन एक डॉलरच्या लूनी मागितल्या होत्या आणि कॅशियर टॅरिनने दोन डॉलरच्या टूनी दिल्या होत्या. यॉर्कटनच्या या लाँड्रीतलं कपडे धुण्याचं यंत्र फक्त लूनी गिळतं. टूनी थुंकून टाकतं.

"पंचवीस डॉलर फुकट!" तिची बहीण डारिया चादरीची घडी घालत म्हणाली. "पेढी दर महिन्याला खातं सांभाळायचे चार डॉलर कापते. माझ्या मते अजून बरंच येणं बाकी आहे."

"टॅरिनचा गल्ला या महिन्यात दोनदा कमी भरलाय. तिची आईच सांगत होती. दहा डॉलरच्या वर आणखी एकदा तूट आली, की पोरगी घरी."

"मग जा, दे परत. पण मॅनेजरसमोर तोंड उघडलंस तरी पोरगी घरीच."

तेही खरं होतं. पेढी बंद व्हायला वीस मिनिटं होती. गुंडाळी फाटली होती, म्हणून लेसियाने नाणी एका धुतलेल्या मोज्यात कोंबली आणि निघाली.

मॅनेजर टॅरिनच्या अगदी पाठीशी उभा होता. लेसियाने मोजा काउंटरवर उपडा केला. "याची लूनीची एक गुंडाळी दे," म्हणत तिने डोळा मारला.

टॅरिनने नाणी मोजली. पुन्हा मोजली. "दोन येतील, मिसेस हॅलचक. पन्नास डॉलर आहेत हे."

"एकच दे."

"दोन."

"अगं बाई, मला एकच हवी!"

"हिशेब म्हणजे हिशेब," टॅरिनने दोन गुंडाळ्या पुढे सरकवल्या.

"शाब्बास, टॅरिन," मॅनेजर म्हणाला.

दोघांनाही त्याच मोज्याने बडवावं, असं लेसियाला वाटलं. तिने एक गुंडाळी उचलली, दुसरी तिथेच ठेवली आणि जाड बुटांत जमेल तितकं पळत बाहेर पडली. बाहेर उणे सत्तावीस होतं.

टॅरिन कोट न घालताच मागे धावत आली. "मिसेस हॅलचक! ही विसरलात!"

"विसरले नाही, गधडे! मघाशी लूनी म्हणून टूनी दिल्यास मला. गल्ल्यात टाक गुपचूप."

टॅरिनने वळून पेढीच्या दाराकडे पाहिलं. मग गुंडाळी स्वेटरच्या बाहीत सारून ती आत पळाली.

सव्वापाचला गल्ला मोजला गेला. तूट पाच सेंट.