जुन्या डिस्कची उत्तरपूजा

विद्याधररावांचा आवाज सुरू व्हायला सतरा मिनिटं लागायची. त्यांच्या बायकोने, जयंतीने, घड्याळ लावून मोजली होती. लॅपटॉपचं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर ते वर्तुळ गरगरत बसायचं, तोवर तिची अर्धी पूजा उरकायची.

गेल्या आषाढात घशाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. हातात अकरा दिवस होते. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होत ते अकरा दिवस लॅपटॉपसमोर बोलत बसले. ‘पाणी दे.’ ‘पाठ दुखतेय.’ ‘आमटी झकास झालीय.’ ‘या सेक्रेटरीला अक्कल नाही.’ शिवाय रामरक्षा, नातीसाठी गोष्टी. सगळं मिळून साडेसातशेच्या वर रेकॉर्डिंग्ज. पुतणी रुचिराने पडद्यावर त्यांची बटणं करून दिली. बटण दाबलं की काकांचा आवाज.

पण लॅपटॉप म्हातारा. बॅटरी गेलेली, वायर हलली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दाराशी कुणी ‘काय मास्तर, कसं काय?’ म्हणत यायचं, आणि मास्तरांचं उत्तर निघेपर्यंत माणूस चहा पिऊन गेलेला असायचा. मग ते पाटी घ्यायचे. पुढे पुढे पाटीही घेईनात.

म्हणून रविवारी रुचिरा गोरेगावहून अंधेरीला आली, ती एक चपटी नवी डिस्क घेऊन.

“काका, हा लॅपटॉप आहे की सरकारी कचेरी? उद्या या म्हणतोय नुसता.”

काका खांदे हलवून हसले. हसण्याला आता आवाज नव्हता.

यांची वाचा गेल्यापासून जयंतीने रोज स्नानापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन धरलं होतं. त्यांच्या वाट्याचं थोडं आपणही सोसावं, एवढंच. रुचिराने स्क्रू वाटीत काढले, वायरी जोडल्या, दोन-तीन तास काहीबाही करत बसली, आणि साडेअकराला ओरडली, “काकू, बघ ये!”

बटण दाबल्यावर वीस मोजेपर्यंत पडदा उजळला.

“या जुन्या डिस्कमध्ये जी सिस्टीम होती ना, लॅपटॉपला चालवणारी, ती सगळी या नवीत आणली. जुनीचं लॅपटॉपमध्ये आता काही काम नाही.”

जयंतीने नव्या डिस्कला मनोमन हात जोडले आणि ती नैवेद्याच्या घाईने आत गेली. मागे रुचिरा काकांना सांगत होती, “तुमची रेकॉर्डिंग्ज मात्र अजून जुनीतच आहेत हं. कॉपी करताना अडकतेय, फार झिजलीय. ऑफिसातला एक जण हळूहळू काढून देईल, तो बुधवारी रजेवरून येतोय. मंगळवारी संध्याकाळी न्यायला येते. तोवर चार दिवस मौनव्रत, काकूसारखं!” काकांनी मान डोलावली. आत फोडणी तडतडत होती. यातलं अक्षरही जयंतीच्या कानावर आलं नाही.

सोमवारी सकाळी ती जुनी डिस्क टेबलावर होती. केर काढताना जयंतीने ती उचलली, फडक्याने पुसली, आणि कुठे ठेवावी ते तिला सुचेना. भंगारवाल्याच्या काट्यावर कशी घालायची? हिच्यात वर्षभर यांचा आवाज राहिला होता, रामरक्षा राहिली होती.

तिच्या सासरी देवाचे टाक झिजले की नवे घडवून घेत. नव्यांची प्रतिष्ठा करायची, देवाला म्हणायचं, बाबा, आता इथे ये. मग जुन्यांची उत्तरपूजा करून ते वाहत्या पाण्यात सोडायचे. देवत्व निघून गेलं तरी ज्यात देव राहिला ते घरात अडगळ म्हणून ठेवायचं नाही, कचऱ्यात तर नाहीच. सासूबाईंनी तिच्या हातून दोनदा करवून घेतलं होतं. तिच्या मनाने काही वेगळं शोधलंच नाही.

तिने डिस्क पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दुपारी ती लाल खणात गुंडाळून पिशवीत घातली. निघताना विद्याधररावांनी पाटी दाखवली: ‘कुठे?’

“वर्सोव्याला जाऊन येते. सोमवार आहे ना.”

दर सोमवारी ती तिकडच्या शंकराला जायची. त्यांनी मान डोलावली आणि कूस बदलली.

मढला जाणाऱ्या फेरीबोटीत ती कडेला बसली. खाडीच्या मध्यावर पोचल्यावर दोन्ही हातांनी पुडी पाण्यात सोडली. घरी आली तेव्हा तिला बरं वाटत होतं. विद्याधररावांनी दिवसभर लॅपटॉप उघडला नाही. दमले असतील, असं ती समजली.

मंगळवारी संध्याकाळी रुचिरा आली. “काकू, ती जुनी डिस्क दे.”

“ती सोडली गं काल,” जयंती म्हणाली. आवाजात थोडं कौतुकही होतं स्वतःचं. “उत्तरपूजा करून, खाडीत.”

रुचिरा हसली. “काय पण काकू! दे ना, उशीर होतोय.”

जयंतीने रिकामं टेबल दाखवलं. रुचिराचं हसू हळूहळू उतरलं.

“काकू, त्यात काकांचा आवाज होता.”

“होता. आता नव्यात आहे. तूच म्हणालीस, सगळी आणली म्हणून.”

“सिस्टीम आणली गं! आवाज नाही आणला!” ती खुर्चीतच बसली. “मी काकांना सांगितलं. तुला सांगायला हवं होतं. अगं, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू असं चारदा म्हणाले मी, आणि चारदा राहिलं.”

विद्याधरराव दारात उभे होते. त्यांनी लॅपटॉप उघडला. वीस सेकंद. साडेसातशे बटणं ओळीने आली, सगळी नावं जागच्या जागी. त्यांनी ‘पाणी दे’ दाबलं. ‘पाठ दुखतेय’ दाबलं. मग बोट सरकत सरकत तळाशी गेलं, तिथल्या एका बटणावर थांबलं. जयंतीने ते कधी पाहिलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं: ‘जयंतीसाठी, माझ्यानंतर’. त्यांनी ते दाबलं. काही झालं नाही.

जयंतीने चपला घातल्या. रुचिरा मागे धावली.

फेरीवरचा काशीराम दोर गुंडाळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, कुठं टाकलीस, सांगता येल?”

“मध्यावर. तो झेंडेवाला मचवा होता ना, त्याच्या समोर.”

“तो मचवा पहाटेच गेला दर्यावर. खाली कमरेएवढा चिखल. कालपासून दोनदा पाणी चढलं-उतरलं.” तिचं तोंड बघून त्याने आवाज खाली आणला. “कुणी उतरणार नाय. उतरला तरी गावणार नाय. आणि गावली, तरी खारं पाणी लोखंडाला सोडतं काय?”

“सापडली तरी काही उपयोग नाही का गं?” जयंतीने रुचिराला विचारलं.

रुचिराने तिचा दंड धरला. “चल काकू.”

दोघी परतल्या तेव्हा घरात दिवा लागला नव्हता. रुचिरा जिन्यातच रडली आणि वर न येता परत गेली. विद्याधरराव तसेच बसले होते. जयंती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“अहो, मला काहीतरी बोला,” ती म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकवेना. तिने पाटी आणि खडू त्यांच्या मांडीवर ठेवले. “रागवा. काय वाटेल ते लिहा.”

त्यांनी खडू बाजूला ठेवला.

“त्या शेवटच्या बटणात काय होतं? तेवढं तरी लिहून द्या.”

त्यांनी खडू पुन्हा उचलला. पाटी स्वतःकडे वळवून लिहू लागले. एक ओळ, दुसरी, तिसरी. चौतीस वर्षं फळ्यावर फिरलेला हात. पाटी भरली. त्यांनी ती वाचली, पुन्हा एकदा वाचली. जयंतीने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तळव्याने पाटी पुसून टाकली, आणि कोपऱ्यात दोनच शब्द लिहून तिच्यापुढे धरली.

‘आठवत नाही.’

त्यांचा तळवा खडूने पांढरा झाला होता. जयंती उठली, पंचा ओला करून आणला आणि एकेक बोट धरून तो हात पुसत राहिली. त्यांनी हात मागे घेतला नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.