आतल्या बाजूची कडी

मी एक कडी आहे. दाराला लावायची, सरकवायची, करंगळीएवढी लोखंडी कडी. आत्मवृत्त सांगायचा मान आजवर झाडांना, नद्यांना, फाटक्या पुस्तकांना मिळाला. संडासाच्या कडीला कोण विचारतं? म्हणून कुणी विचारायची वाट न पाहता मीच बोलायला लागलेय.

माझा जन्म एका पत्रा कापणाऱ्या यंत्राखाली झाला. दोन ठोके बसले आणि मी तयार. पुढे हार्डवेअरच्या दुकानात बहिणींबरोबर तारेला लटकून राहिले. गिऱ्हाईक मला उचलायचं, वजन बघायचं आणि परत टांगायचं. दुकानदाराचं वाक्य ठरलेलं होतं, "पुढच्या दाराला ही पुरायची नाही. संडासाला चालेल." चालेल म्हणे! जणू तिथे माणूस जात नाही, रिकामी बादली जाते.

शेवटी एका सुताराने मला खिशात टाकलं आणि शर्ट शिवायच्या कारखान्यात आणलं. चाळीस बायका, मशीनच्या चार रांगा, आणि मागच्या बोळात बायकांसाठी एक संडास. त्याच्या दाराला आतून काहीच नव्हतं. ना कडी, ना साधी दोरी.

मी येण्याआधी काय काय घडलं, ते मला या दाराशी उभ्या राहणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. बायकांच्या आरोग्यासाठी काम करणारी एक संस्था इथे यायची. तपासणी केली तर निम्म्या जणींना लघवीची जळजळ. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी लगेच उपाय केला. पाण्याचा फिल्टर बसवला, त्याच्यावर 'भरपूर पाणी प्या' असा फलक लावला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. महिन्याने बघतात तर फिल्टर जवळजवळ भरलेलाच. अध्यक्षबाई म्हणाल्या, बायकांमध्ये जागृतीच नाही, फलक मोठा करा.

त्याच संस्थेत नुकतीच कॉलेज संपवून लागलेली एक मुलगी होती. वही घेऊन प्रत्येकीला आज किती पेले पाणी प्यालात असं विचारत फिरायची, म्हणून बायकांनी तिचं नाव ठेवलं पाणीवाली. एक दिवस तिलाच जायची वेळ आली. काजाच्या मशीनवरची मावशी, इथली सगळ्यांत जुनी कामगार, उठून म्हणाली, "चल, दार धरते."

पाणीवाली बाहेर आली ती वहीतलं पान फाडतच. एकीला जायचं तर दुसरीने दार धरायचं. म्हणजे दोन मशीन बंद, म्हणजे सुपरवायझरचा आरडाओरडा. त्यापेक्षा पाणीच नको. चाळीस बायकांना हे ठाऊक होतं. वहीत तसा रकाना नव्हता, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

ती तडक मॅनेजरसाहेबांकडे गेली. साहेबांना काळजी पडली, की आतून कडी लागली तर बायका तिथे गप्पा मारत बसतील. एकटी बाई आत गप्पा मारणार कुणाशी, माझ्याशी? पण दोनऐवजी एकच मशीन थांबेल म्हटल्यावर साहेब तयार झाले.

सुट्टीच्या दिवशी सुतार आला. कडी कशी लावू, असं त्याने फोनवरून विचारलं. साहेब म्हणाले, ते दार वाऱ्याने फार आपटतं, बंद राहील अशी लाव. त्या दाराचा त्यांना स्वतःला होणारा त्रास एवढाच. सुताराने मला इमानेइतबारे बसवलं. बाहेरून.

दुसऱ्या दिवशी बायका मला बघून पोट धरून हसल्या. आता जाणारीला कोंडायचीही सोय झाली, म्हणाल्या. मी लाजेने गंजायचीच बाकी होते. साहेबांचं म्हणणं, कडी मागितलीत, कडी दिली, सुतार आता पुढच्या महिन्यात. आणि अध्यक्षबाई पाणीवालीला समजावत होत्या, की धीर धर, बदल हळूहळू होतो. मोठ्या माणसांचं हे वाक्य ऐकलं की माझे स्क्रू ढिले होतात. चार स्क्रू काढायचे, चार लावायचे. त्यात हळूहळू काय आहे?

अकरा दिवस मी अशी बाहेर होते. बाराव्या दिवशी मावशी तिच्या सुनेसाठी दार धरून उभी होती. सून कॉलरच्या टेबलावर काम करायची. तिच्यासारखी सफाईची कॉलर चारही रांगांत कुणाची नव्हती, आणि ते तिलाही माहीत होतं. पण तिला तिसऱ्यांदा ताप येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी तरी पी नाहीतर ते काम तरी सोड.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, सोमवारपासून मी येत नाही."

"तीस वर्षं मी सकाळी एक पेला पिते आणि घरी गेल्यावर दुसरा," मावशी म्हणाली. "मला काय धाड भरली?"

"मग कंबर धरून बसता ती कशाने?"

मला वाटलं, आता मावशी सुनेला चांगलंच ऐकवणार. पण तिचा हात माझ्यावर आला. तिने मला उगाचच मागेपुढे केलं.

"मी इथे नवीन होते," ती म्हणाली. "दार असंच लोटलेलं. कापड कापणाऱ्या कटिंगवाल्याने उघडलं. मागे चौघं उभे होते, ते हसले. त्या दिवसापासून पाणी सोडलं मी. सवयबिवय काही नाही गं."

मावशी तिथून गेली आणि मशीनची सुई बदलायचा पेचकस घेऊन आली.

"धर दार," ती सुनेला म्हणाली. "शेवटचं."

एवढासा पेचकस, जाड घट्ट स्क्रू. मावशीच्या तळव्याला फोड आला. पण तिने मला उतरवलं आणि आतून बसवलं. माझा कोयंडाही आत आला. मी किंचित तिरकी बसले, पण सरकले मात्र लोण्यासारखी.

संध्याकाळी साहेबांनी दारावरची रिकामी भोकं पाहिली आणि रांगेत येऊन विचारलं, हे कुणी केलं. चाळीस मशीन थांबली. मावशी काजावरून मान वर न करता म्हणाली, "आपटत होतं दार, साहेब. आता नाही आपटत." साहेब आल्या पावली परत गेले. सुताराचे पैसे वाचले हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

आता फिल्टर दिवसातून दोनदा भरावा लागतो. सून सोमवारी आली, नंतरही येतेय. फलक मोठा झालाच, तो अध्यक्षबाईंनी स्वतः लावला. पाणीवालीने मात्र नवी वही काढलीय. कुठल्याही कारखान्यात गेली की आधी संडासात जाऊन दार लावून बघते, पाण्याचं नंतर विचारते. तुम्हीही कुठे बायकांसाठी काही करायला निघालात, तर भाषणाआधी एवढं करा.

मी मजेत आहे. आणि साहेबांची ती गप्पांची भीती अगदीच खोटी नव्हती. मावशी आत आली की मला लावते, तीनदा ओढून बघते आणि हळूच म्हणते, "बस गं नीट." मग निवांत असते. घाई नसते. बाहेर दार धरून कुणी ताटकळत नसतं.

बोळात चपला वाजतायत. मावशीने अकरा वाजताचा पाण्याचा पेला औषध घेतल्यासारखं तोंड करून संपवलेला दिसतोय. चला, मला सरकायला हवं.